टाकीतला घास

चंदा जवळ आली की समुद्रफुलं मिटत, आणि तिची सासू जवळ आली की उमलत.

चंदा दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली सून. मुंबईला प्राणिशास्त्र शिकलेली, बेलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. घराच्या ओटीवर काचेची टाकी होती. तिच्यात समुद्रघोड्यांची एक जोडी शेपट्या गुंतवून असायची. तिच्या नवऱ्याने, जयदेवने, जाळ्यात आलेली ही जोडी डब्यात घालून तिच्यासाठी आणली होती. पुढच्याच खेपेला तो गेला. होडीची फळी मिळाली, तो मिळाला नाही.

आता नराची पिशवी फुगली होती. समुद्रघोड्यांत पोरं बाप जन्माला घालतो.

"घोड्याला पोट नि घोडी मोकली!" सासू पुतळाबाई हसली होती. "माज्या वेलंला असा नवता गो."

चंदाला मात्र हसू येत नव्हतं. टाकीतल्या दगडांवर तपकिरी समुद्रफुलं पसरत चालली होती. फूल म्हणायचं इतकंच. तो प्राणी, मधोमध तोंड, भोवती बारीक बोटं, आणि बोटाबोटाला डंख. घोड्यांच्या शेपटीवर पांढरे चट्टे उठले होते. दोऱ्याच्या तुकड्याएवढी पिल्लं त्या बोटांत सापडली असती तर एकही उरलं नसतं. नराला दुसरीकडे हलवावं, तर घाबरून तो कच्चीच पिल्लं टाकायचा.

तिने फुलं सुरीने खरवडली, तर राहिलेल्या कणाकणातून नवी उगवली. मग तिने घोड्यांना मोजकंच खायला घातलं, शिळं काही उरू दिलं नाही. तरी फुलं पोसतच होती. उपाशी प्राणी असा वाढत नाही.

अवसेला शाळा लवकर सुटली. चंदा अंगणात आली आणि थांबली.

पुतळाबाई टाकीशी बसली होती. मांडीवर ताटली, ताटलीत भात आणि जवळा. हात कोपरापर्यंत पाण्यात. टाकीतली सगळी फुलं त्या हाताकडे झुकली होती. एकाने तिचं बोट धरलं होतं.

"आई!"

"वरडू नको. जेवतोय तो."

दर अवसेला म्हातारी जयदेवच्या नावाचा घास खाडीत सोडायची. गुडघे गेल्यापासून तिचं खाडीवर जाणं बंद झालं. घासही बंद झाला, असं चंदाने धरलं होतं.

"खाडीचाच पानी हाय ना गो? तूच आनतेस कलशी भरून."

"आई, तो जयदेव नाय. त्यांना कोनीबी दिलं तरी खातात."

"मंग तुला बगून मिटतात कशी?"

जवळ्याचा वास पाण्यात उतरतो, म्हणून तुमच्याकडे झुकतात. उत्तर तयार होतं. चंदाने ते बाजूला ठेवून टाकीतल्या नराकडे बोट दाखवलं.

"आई, हा घोडा तुमच्या पोराने आनला. त्याला आज-उद्या पिल्लं होतील. ही सगळी फुलं त्यांना गिळतील." तिने हात पुढे केला. "तुमची चुन्याची डबी द्या."

म्हातारीने फुलातून बोट सोडवून हात पाण्याबाहेर काढला. मग तिने कनवटीची डबी काढली.

"एक ठेव."

चंदाने चुना दाट कालवून पिचकारीत भरला. एकेका तोंडात थेंब सोडला की फूल आवळायचं, पांढरं पडायचं, दगडावरून सुटायचं. मेलेली ती लगेच उचलून घेत होती. शेवटचं राहिलं ते, जाळ्याला बांधायला जयदेवने भोक पाडलेल्या दगडावर. तो दगड तिने फुलासकट उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, खाडीच्या पाण्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नर वाकला, पिशवी उघडली, आणि धूर निघावा तशी पिल्लं बाहेर आली. मोकळ्या दगडांवरून तरंगत गेली आणि शेवाळाला शेपट्या गुंतवून राहिली.

पुढच्या अवसेला पुतळाबाईने बरणीत घास सोडला. फुलाने तो गिळला.

"आता तू ये. नुसता बोट ठेव."

चंदाने हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. हुंगून पाहिले. मग बोट पाण्यात सोडलं. फूल मिटलं नाही. हळूहळू उमललं, वर आलं, आणि त्याने तिचं बोट धरलं. जरासं चुरचुरलं.

उपाशी तोंड असंच धरतं, ती मनाशी म्हणाली.

पण ते तर आत्ताच जेवलं होतं.

तिने बोट काढून घेतलं नाही.