सिद्धम्माचा उपास

सिद्धम्माने अर्धी भाकरी मोडून परत टोपलीत टाकली आणि ताट सुनेकडे सरकवलं.

"एवढंच?" शिवकांताने विचारलं.

"सुई न्हाई तर भाकर बी न्हाई. डाक्टरच म्हनलेत, सुई घेतली की जेवायचं."

"आत्या, तसं न्हाई म्हनले ते. सुई घेतल्यावर उपाशी ऱ्हायचं न्हाई, असं म्हनलेत."

"एकच की ते."

ते एकच नव्हतं, हे शिवकांताला कळत होतं. पण सिद्धम्माशी वाद घालून जिंकलेलं माणूस जळकोटात अजून जन्मायचं होतं. तिने ताट उचललं.

सिद्धम्माला साखरेचा आजार जुना होता. आधी गोळ्या झाल्या, मग इन्सुलिनची सुई सुरू झाली. बाटली सरकारी दवाखान्यातून मिळायची. शिवकांता काचेची सिरिंज उकळून घ्यायची, सासूला टोचायची आणि बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची. सगळं नीट चाललं होतं. मग लातूर जिल्हा झाला. औषधांचा साठा कुणी पाठवायचा यावर जुना जिल्हा नव्याकडे बोट दाखवू लागला आणि नवा म्हणू लागला, आमचं अजून बस्तान बसायचंय. कंपाउंडर बिचारा 'पुढच्या सोमवारी या' असं इतक्या अजिजीने सांगे की त्याच्यावर रागावताही येत नसे. असे बरेच सोमवार गेले. बाटली तळाला गेली, मग संपली.

बाहेरून आणावी, तर घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. याचं कारण सिद्धम्माचे यजमान गुरुपादप्पा. त्यांचं कापडाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं, पण त्यांचा जीव अडकला होता तो जिल्ह्यात. नवा जिल्हा व्हावा म्हणून ते मोर्च्यात चालले होते, उपोषणाच्या मांडवात बसले होते, आणि जिल्हा झाला त्या दिवशी घरात साखरेची रोगी असताना गावभर पेढे वाटून आले होते. नव्या जिल्ह्याला कुणी नावं ठेवली की आपल्या लेकीला ठेवल्यासारखं त्यांच्या मनाला लागे. "येतंय की औषध. लेकरू कालच जन्मलं, लगेच पळंल का?" असं ते म्हणत. दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन औषध आणणं म्हणजे त्यांच्या लेखी हार होती. सिद्धम्माला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून ती गप्प बसली आणि आपली भाकरी कमी करत गेली.

तेवढ्यात मागच्या दाराने पार्वतम्मा आली. दोन घरं सोडून राहणारी ही विधवा गल्लीतल्या शिवभजनाची पुढारीण होती. तिचा आवाज टाळांच्याही वर जाई. तिने शिवकांताच्या हातातलं ताट पाहिलं.

"ताट असंच का चाललंय गं? अक्का जेवली न्हाई का? औषध आलं न्हाई का काय आजून?"

सिद्धम्माने तोंड उघडायच्या आत दुकानातून गुरुपादप्पांचा आवाज आला. "उपास धरलाय तिनं! पाऊस पडंपर्यंत एकच टाईम. ते बी अर्धी भाकर."

सिद्धम्माने दाराकडे पाहिलं. गुरुपादप्पा दारात येऊन उभे राहिले होते आणि हातातल्या खणाची घडी उगाच मोडून पुन्हा घालत होते. ऐन श्रावणात रानं उघडी पडली होती, सगळं गाव आभाळाकडे बघत होतं. अशा वेळी त्यांच्या तोंडून ते निघून गेलं असावं. त्यांची ती केविलवाणी मुद्रा बघून तिला रागही आला आणि दयाही आली. तिने मान खाली घातली.

"हाव," ती म्हणाली. "उपास हाय."

पार्वतम्माने ते ताट पुन्हा एकदा पाहिलं. मग वाकून सिद्धम्माच्या पायांना हात लावत म्हणाली, "मंग मी बी धरते."

"तुला कशाला गं?"

"धरते म्हनलं ना."

पार्वतम्माने धरला म्हटल्यावर ही गोष्ट दिवे लागायच्या आत गल्लीभर झाली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मलप्पाने उपास धरला, मग व्यंकटरावांच्या आईने. बाकीच्यांनी धरला नाही, पण येता-जाता ते सिद्धम्माच्या उंबऱ्याला हात लावू लागले. गुरुपादप्पा आधी ओशाळले. पण चार माणसं दुकानात येऊन "तुमचं भाग्य मोठं, अप्पा" म्हणू लागली तसे सावरले, आणि पुढे पुढे तर हा उपास आपणच सुचवला होता अशा थाटात बोलू लागले.

सिद्धम्माची पंचाईत वेगळीच होती. तिला तहान लागे. साधी नाही, घशात राख कोंबल्यासारखी. आणि गावात पाणी टँकरचं, ते येई दिवसाआड. ती तांब्यामागून तांब्या पिई आणि परसाकडे खेपा घाली. बायकांना वाटलं, माउली नुसत्या पाण्यावर राहिली आहे. मग एकेक जण आपल्या वाटणीच्या घागरीतला तांब्या तिच्यासाठी आणून ठेवू लागली. लेकराबाळांच्या तोंडचं ते पाणी आहे हे सिद्धम्माला कळे. त्या पाण्याची तिला लाज वाटे, आणि तरी ती ते पिई.

"आत्या, आता सांगून टाकू," शिवकांता म्हणाली.

"कुनाला सांगतीस? ह्यांची इज्जत जाईल."

"आन् तुमचा जीव गेला म्हंजे?"

सिद्धम्मा हसली. ओठ सुकून फुटले होते, त्यामुळे हसताना तिला दुखलं.

एका सकाळी ती दुकानात नवऱ्याच्या मदतीला बसली होती. गिऱ्हाइकाने लुगड्याचे काठ दाखवायला सांगितले. तिने लुगडं हातात घेतलं, उजेडाकडे नेलं, पुन्हा जवळ आणलं.

"काठ कुठं हायत ह्याला?" तिने विचारलं.

काठ चांगले चार बोटं रुंद होते. गुरुपादप्पांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. हातातली काकणं कोपरापर्यंत सरकली होती. गिऱ्हाइकाला तसंच बसवून ते उठले, घरातून थर्मास घेतला, माल आणायला चाललोय असं सांगितलं आणि नांदेडच्या एसटीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले तेव्हा थर्मासमध्ये बर्फ होता आणि बर्फात बाटली. शिवकांताला तर रडूच आलं. तिने लगेच सिरिंज उकळली, नेहमीचा डोस भरला आणि सुई दिली.

"आता पोटभर जेवायचं हं, आत्या. मी तवा ठेवते."

शिवकांताने पिठाला हात लावला आणि पुढच्या दाराशी टाळ वाजले.

मावळतीला एक ढग आला होता. खरोखरचा, काळा. तो बघून सगळी गल्ली सिद्धम्माकडे धावली होती. बायकांनी तिला धरून मधल्या खोलीत आणलं, कपाळाला विभूती लावली, मध्ये बसवलं आणि पार्वतम्माने भजन सुरू केलं. शिवकांता दारात येऊन म्हणाली, "आत्या, जरा आत या." तिला कुणी ऐकलं नाही. ती पुन्हा आली. "तिला दमानं बसू दे की पोरी," कुणीतरी म्हणालं, "ढग बघ कसा उतरून राहिला." सिद्धम्मालाही उठता येईना. आपल्या नावाने इतके लोक आभाळाकडे आस लावून बसलेत आणि आपण आत जाऊन भाकरी खायची, हे तिच्याने होईना. गुरुपादप्पा दुकानात होते. त्यांनी आतून दार लोटून घेतलं होतं.

भजन लांबत गेलं. सिद्धम्माच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळू लागली. मग तिचे हात थरथरायला लागले, कुणी हातात दिलेला टाळ गळून पडला. मान डुलू लागली, डोळे कुठेतरी तिसरीकडे लागले.

"वीरभद्र आला!" एक बाई ओरडली. "अंगात आला!"

सगळ्या बायकांनी जमिनीला डोकी टेकली. टाळांचा गजर वाढला. "देवा, पाऊस कवा देतूस?" कुणी विचारत होतं. सिद्धम्मा बोलायचा प्रयत्न करत होती, पण जीभ वळत नव्हती.

सुई घेऊन पोटात काही गेलं नाही तर काय होतं, हे शिवकांताला कंपाउंडरने सांगून ठेवलं होतं. घाम, थरथर, तोंडातून शब्द न फुटणं. तिने डब्यातली साखर मुठीत घेतली आणि बायकांच्या पाठींवरून, पायांवरून वाट काढत ती सासूपाशी पोचली. एका हाताने जबडा धरला आणि साखर गालात कोंबली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग एकदम कल्लोळ झाला.

"मोडला! उपास मोडला गं!"

"देव अंगात असताना! अगं, काय केलंस सटवे!"

कुणीतरी शिवकांताची वेणी ओढली. पार्वतम्मा मात्र ओरडली नाही. तिने सिद्धम्माचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि शिवकांताला म्हणाली, "साखरंचं पानी आन. लवकर. पाज तिला."

शिवकांताने पाणी पाजलं. सिद्धम्मा माणसांत आली, तिने आजूबाजूला पाहिलं आणि पदर सावरला. तोवर खोली रिकामी होत आली होती. बाहेर ढग पांगला होता, आणि तो कुणामुळे पांगला याबद्दल गल्लीत कुणालाच शंका उरली नव्हती.

सकाळी टँकर आला. शिवकांता घागर घेऊन रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईने काही न बोलता तिची घागर पायाने बाजूला सारली. शिवकांताने ती पुन्हा रांगेत ठेवली. दुसरीने पुन्हा सारली. घागर गडगडत गटाराशी गेली. शिवकांता ती उचलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली, कारण तिला तोंड वर करायचं नव्हतं.

सिद्धम्माने हे ओट्यावरून पाहिलं. ती आत गेली आणि ताट घेऊन बाहेर आली. ओट्यावर मांडी घालून बसली. ताटात अख्खी भाकरी होती, वरण होतं. सगळ्या रांगेसमोर तिने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. एकेक करून बायकांचं बोलणं थांबलं. नुसता घागरीत पाणी पडण्याचा आवाज ऐकू येत राहिला.

"बघून घ्या," सिद्धम्मा म्हणाली. "मी उपास धरलाच नव्हता. मला साखरंची बिमारी हाय, तुमाला ठावं हाय. दवाखान्यात सुईची बाटली नव्हती, म्हनून जेवत नव्हते. काल देव बी आला नव्हता. सुई घेऊन उपाशी बसले, त्याचा झटका व्हता तो. ह्या पोरीनं साखर घातली नसती तर तुमी आज माज्या मातीला आल्या असत्या."

एका बाईने तोंड फिरवलं. "म्हंजे फसवलंच की अप्पानी," दुसरी हळूच म्हणाली. रोज पाण्याचा तांब्या आणून ठेवणाऱ्यांतलीच ती एक. सिद्धम्माला तो शब्द जिव्हारी लागला. ती पुढचा घास खात राहिली.

गुरुपादप्पा दुकानाच्या दारात उभे होते. मग ते खाली उतरले, सुनेच्या हातातली घागर घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिले. ते तिथे उभे असेपर्यंत कुणी ती घागर सारली नाही.

दिवसभर त्या घराकडे कुणी फिरकलं नाही. उंबऱ्याला हात लावणं तर राहूच द्या, दुकानातही गिऱ्हाईक आलं नाही. गुरुपादप्पा गादीवर बसून राहिले. सिद्धम्माने सुई घेतली, जेवली, थोडी झोपली. तिला बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं.

ऊन कललं तेव्हा मागच्या दाराची कडी हळूच वाजली. पार्वतम्मा होती. आत आली, पण बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"अक्का, कुठं मिळालं गं?"

"काय?"

"औषध."

"नांदेडला. तुला कशाला पायजे?"

पार्वतम्माने कमरेची पिशवी सोडली आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. "मला बी साखरंचीच बिमारी हाय. अक्षय्य तृतीयेला संपल्या गोळ्या. त्याच दवाखान्यातल्या. मला बी पुढच्या सोमवारचंच सांगून ऱ्हायले." तिचा नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, जेमतेम ऐकू येत होतं. "तुजं तरी मानूस हाय नांदेडला जायला. एकल्या बाईनं कुनाच्या तोंडाकडं बघायचं? उपास म्हनलं की कुनी इचारत तर न्हाई."

सिद्धम्मा तिच्याकडे बघत राहिली. एवढे दिवस शेजारी बसून दोघींनी एकमेकींना कसं फसवलं, हे आठवून तिला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. तिने पार्वतम्माचा हात धरून तिला पाटावर बसवलं. हाताला नुसती हाडं लागली.

गुरुपादप्पांनी दुकानातून सगळं ऐकलं होतं. या वेळी ते मध्ये बोलले नाहीत. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, थर्मास उचलला आणि वहाणा पायात सरकवल्या.

"संध्याकाळची गाडी मिळंल," ते म्हणाले. "पाकीट दे हिकडं, पार्वतम्मा. नाव दाखवावं लागंल."

"थांबा," सिद्धम्मा म्हणाली. "आदी मलप्पाकडं जाऊन या. मंग व्यंकटरावाच्या आईकडं. गल्लीत अजून कोन कोन उपास धरून बसलंय, ते बघा, आन् मंग जावा नांदेडला."