क्लोटीलची जागा

अमेरिकेच्या दक्षिणेत गावोगाव फिरणाऱ्या ल्यूशस पेटवेच्या सोल गाण्यांच्या कंपनीत पाठीमागे गाणाऱ्या तिघी होत्या. झेनोबिया खालचा सूर धरायची, आयोला वरचा, आणि मधला क्लोटीलचा. तीन वर्षं तिघींनी एकाच बसमध्ये पाय मुडपून झोपा काढल्या, एकाच आरशात तोंडं रंगवली. पुढे ल्यूशस घामाघूम होऊन गुडघ्यांवर कोसळायचा, लोक वेडे व्हायचे; मागे या तिघी एका ठेक्यात डुलत त्याच्या ओळी झेलायच्या. एकोणीसशे सहासष्टच्या फेब्रुवारीत क्लोटील न्यूमोनियाने आठ दिवसांत गेली.

नवी पोरगी शोधायला सवड नव्हती. ल्यूशस म्हणाला, "दोघी जरा जवळ उभ्या राहा, म्हणजे झालं. लोक मला बघायला येतात."

मेरिडियन गावी दुपारचा खेळ होता. दुसऱ्या गाण्यात आयोलाने वरचा सूर लावला आणि तिच्या डाव्या कानाशी मधला सूर आला. थेट क्लोटीलचा, शब्दाच्या शेवटी किंचित खाली घसरणारा. आयोलाने चटकन डावीकडे पाहिलं. झेनोबिया समोर बघत गात होती. पण दोघींनी मध्ये एका माणसाची जागा सोडली होती, हे आयोलाला तेव्हाच दिसलं.

खेळ संपल्यावर ट्रॉम्बोन वाजवणारा हॉरिस म्हणाला, "कुणाला घेतलंत गं? मधली फार गोड गाते."

"कान धुऊन ये जा," झेनोबिया म्हणाली आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन बसकडे चालू पडली.

बसमध्ये आयोलाने विचारलंच. "तूही ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? सुरात आहे ना? गप गा."

आठवड्याभराने आयोलाचा घसा बसला. जॅक्सनच्या खेळात ती नुसते ओठ हलवत उभी राहिली. ल्यूशसने हात वर केला, मागच्यांची ओळ आली, आणि वरचा सूर सभागृहात लख्ख घुमला. आवाज आयोलाचाच होता, उंच जागी जरासा थरथरणारा. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. आवाज थांबला नाही.

पुढचा मुक्काम नॅचेझला, क्लोटीलच्या गावात. सकाळीच आयोला तिच्या आईकडे गेली. म्हातारी पडवीत भेंडी चिरत होती.

"ती गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात गुणगुणायची," शेजारणीबद्दल बोलावं तसं म्हातारी सहज बोलली. "पंधरा दिवस झाले, बंद आहे. तुमच्याकडे आली का?"

आयोलाने होय म्हणून मान हलवली.

"तिला एकटीनं गायला कधी जमलंच नाही बघ. लहानपणी चर्चमध्ये गायची वेळ आली की शेजारच्या पोरीला हात धरून ओढत न्यायची. ती रडली तरी सोडायची नाही." म्हातारीने सुरी खाली ठेवली. "तू घरी जा, बाळा. आजच जा."

बसवर परतून आयोलाने आपला चमकीचा झगा घडी करून झेनोबियाच्या मांडीवर ठेवला. "तूही चल."

"कुठं जाऊ? माझं कोण बसलंय वाट बघत?" झेनोबिया हसली. "इथं निदान सोबत तरी आहे. जा तू."

मे महिन्यात आयोला डोथन गावी आपल्या घरी आईबरोबर शेंगा सोलत बसली होती. रेडिओवर ल्यूशसचा खेळ लागला. बर्मिंगहॅमहून थेट, असं निवेदक म्हणाला. ल्यूशसने टाहो फोडला, आणि मागून तीन आवाज उठले.

आईचा चेहरा फुलला. "अगं, ही तर तूच! कधी गायलीस हे?"

वरचा सूर उंच गेला, थरथरला. त्याच्यात सूर मिसळून बघावा म्हणून आयोलाने तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. घसा तर कधीच बरा झाला होता. बोलता येत होतं, हाक मारता येत होती, सूर तेवढा उमटेना.

डॉक्टरने बॅटरी मारून घसा बघितला, काही दोष नाही म्हणाला. आयोला अजून दर रविवारी चर्चमध्ये जाते, शेवटच्या बाकावर बसते. बाकीचे गातात तेव्हा ती टाळीने ठेका धरते. टाळीला मात्र तिचा हात कधी चुकत नाही.