आईच्या तोंडात घातलेले पाणी

‘उंबरपाणी’ कंपनीच्या बाटलीवर छापलेले आहे : ‘प्रत्येक थेंब डोंगरातल्या जिवंत झऱ्याचा.’ खाली प्रयोगशाळेचा गोल शिक्का आहे. विधान छोटे असले तरी त्याची शहानिशा करता येते. आमची आई सोमवारी वारली. माझ्या धाकट्या भावाने, दामूने, तिच्या जिभेवर तुळशीपत्र ठेवून याच बाटलीतले पाणी घातले. झऱ्याभोवती कंपनीची भिंत उभी राहिल्यापासून गावात शेवटचे पाणी बाटलीतूनच घालतात. आम्ही तिला नेले, अग्नी दिला, आणि परत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओंजळ धरून बसली होती.

‘‘दोन थेंब घाला की रे,’’ ती म्हणाली. ‘‘मेलेल्या माणसाला इतकं ताटकळत ठेवत नाहीत.’’

भिंतीपूर्वी थेट झऱ्याचे पाणी पिऊन गेलेले कोणीही परत आले नव्हते. तेव्हा ‘जिवंत’ या शब्दाला आधार उरला नाही.

दामूने नवी बाटली उघडली. चमचाभर पाणी आत गेले आणि आईचे तोंड डाव्या कोपऱ्यातून किंचित आकसले. दुसऱ्या चमच्याने आणखी. तिसरा मी भरू दिला नाही, कारण तोंड मिटले तर तिला कोणतेच पाणी पोचणार नव्हते, आणि ती तशीच, तहानलेली, कायमची बसून राहिली असती.

मी नदीवर गेलो. गावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे कारखाने आहेत. नदी जांभळी वाहते, आणि तिचा फेस काठच्या बाभळींना लोंबतो. ते पाणी मी धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळले आणि आईला विचारून एकच थेंब घातला. तोंड आकसले, तेही डाव्याच कोपऱ्यातून. शास्त्रकारांनी पाण्याचे प्रकार सांगताना नदी, तळे, विहीर आणि पाऊस असा बारकाईने भेद केला आहे. आईच्या ओठांना बाटली आणि नदी यांत भेद आढळला नाही.

शेजारच्या सुंदराबाईंना काही उपाय ठाऊक असेल म्हणून त्यांच्याकडे गेलो. माघात वारलेले त्यांचे सासरे ओट्यावर बसले होते. नाकाखाली हनुवटीपर्यंत सपाट कातडी होती. सुंदराबाईंनी सांगितले, की आम्ही मायेपोटी पाजत राहिलो, शेवटी मामंजींना तोंडच उरले नाही. ‘‘एक बरं झालं, जेवणाला नावं ठेवणं थांबलं,’’ त्या म्हणाल्या, आणि पदराने मामंजींच्या डोळ्यांच्या कडा पुसू लागल्या. डोळे कोरडे होते. त्या तरी पुसत राहिल्या.

घरी आलो तेव्हा आईचे तोंड तांदळाच्या दाण्याएवढे झाले होते. दामूला तिचे मागणे ऐकवेना, म्हणून त्याने माझ्यामागे आणखी एक चमचा घातला होता. मी आईला पाठीवर घेतले. ती रिकाम्या घागरीएवढीच भरली.

कंपनीच्या फाटकावर तिची नोंद झाली नाही. मृतांना पास लागत नाही. व्यवस्थापक हेरवाडकर सभ्य गृहस्थ. त्यांनी तिलाही खुर्ची दिली आणि सवयीने बाटली उघडली. आईने तोंडावर हात ठेवला. मी प्रत्यक्ष झऱ्यातले एक चमचा पाणी मागितले. त्यांनी झऱ्याच्या नाजूक प्रकृतीविषयी सांगितले. मी बाहेर थांबतो, आपणच भरून आणा, म्हणालो. त्यांनी प्रयोगशाळेचा दाखला पुढे सरकवला. मी त्यांना आईच्या तोंडाचा डावा कोपरा दाखवला, आणि नदीच्या थेंबानेही तो तसाच आकसल्याचे सांगितले.

मग त्या दाण्याएवढ्या फटीतून आईने विचारले, ‘‘लेकरा, तुझी आई कुठं बसते?’’

हेरवाडकर उठले. त्यांनी खुर्चीमागचा पडदा सरकवला. तिथे एक म्हातारी ओंजळ धरून बसली होती. तिला तोंड नव्हते. तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर त्यांनी नीट केला, आणि आमच्याकडे न वळता जे बोलले ते मी शब्दशः देतो :

‘‘भिंत बांधली त्याच उन्हाळ्यात झरा आटला. तेव्हापासून आम्ही नदीच भरतो, रंग काढून. मला ठाऊक होतं, काकू. पण घरात दुसरं पाणी नव्हतं, आणि तिनं आ केला होता.’’