गॅलरीतल्या बाईंचं स्वागत

आमच्या लोकांना पाहुणा दिसला की तोंड आवरत नाही. डब्लिनच्या सेनेटात, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, तर मुळीच नाही. वर गॅलरीत कुणी येऊन बसलं, की खाली बोलायला उठलेला प्रत्येक सेनेटर आधी त्याचं स्वागत करणार, गाव विचारणार, त्या गावातला एखादा ओळखीचा शोधून काढणार आणि मग कुठे मुद्द्यावर येणार. चांगली रीत आहे. त्या दिवसापर्यंत मलाही ती चांगलीच वाटायची.

त्या दिवशी पाहुणी माझी आई होती. अ‍ॅट्रॅक्टा गिलराइन, वय सत्त्याऐंशी, अंगात रविवारी चर्चला घालायचा निळा कोट आणि पिशवीत दोघींना दोन दिवस पुरतील एवढी हॅम सँडविचेस. डब्लिनमध्ये खायला मिळत नाही असा तिचा पक्का समज आहे. मी सकाळच्या गाडीने तिला लिट्रिमहून घेऊन आले होते. माझ्या सलूनला कुलूप लावलं होतं, तेही नाताळच्या आठवड्यात, जेव्हा आमचं अख्खं ड्रमशॅन्बो गाव केस रंगवून घ्यायला माझ्या दारात उभं असतं.

काम एकच होतं. आमच्या घरामागच्या टेकाडावर एक किलीन आहे. बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेल्या बाळांना पूर्वी चर्चच्या आवारात जागा नसायची. मग बाप लोक त्यांना अशा एखाद्या कोपऱ्यात नेऊन पुरायचे आणि खूण म्हणून एक साधा दगड ठेवायचे. माझी थोरली बहीण तिथे आहे. कागदोपत्री तिला नाव नाही. आई तिला उना म्हणते. बाबांनी तिला लोण्याच्या खोक्यातून नेलं आणि काटेरी झुडपाजवळचा दगड मरायच्या आधी आईला दाखवून ठेवला. आता ते टेकाडावरचं शेत त्याच्या मालकाच्या भाच्याने झाडं लावणाऱ्या एका कंपनीला विकून टाकलंय. परवाना मिळालाय. नाताळ उरकला की यंत्रं येणार, जमीन उकरणार आणि सगळीकडे स्प्रूस लावणार. आमच्याकडे टेकड्याच्या टेकड्या त्या झाडांनी गिळल्या आहेत, खाली गवतसुद्धा उगवत नाही.

आमचा सेनेटर फिन्टन मल्वी याने अशा जागा राखून ठेवायचं विधेयक आणलं होतं. ते त्या दिवशी पहिली पायरी चढलं असतं, तर अशा शेतांचे परवाने थांबवू, असा शब्द खात्याने दिला होता. सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस. चर्चेला दोन तास, त्याच्या अखेरीला मतदान. फिन्टनने फोनवर मला सांगितलं होतं, "डिम्प्ना, विरोधात एक माणूस नाही. तुम्ही दोघी फक्त येऊन बसा. आईला बघितलं की दगडालाही पाझर फुटेल."

फुटला की. तिथेच तर घोड्याने पेंड खाल्ली.

फिन्टन उठला आणि चांगलं, नेमकं बोलला. मग त्याने वर बघून आईचं नाव घेतलं. साठ मैलांवरून आलेली मावशी दारात दिसावी तशी सगळ्यांनी माना वर केल्या. पुढची सेनेटर बाई गॉलवेची. तिने आईचं स्वागत केलं, मलाही "तिची देखणी लेक" म्हणाली, आणि आपल्या आजोळी असंच एक किलीन आहे हे सांगताना रडली. तिच्या मागचा म्हणाला, गिलराइन म्हणजे बॅलिनामोरचे का? त्याचे वडील एका गिलराइनबरोबर फुटबॉल खेळले होते. आई माझ्या कानात म्हणाली, "तो पॅचीबद्दल बोलतोय. पॅचीला चेंडू आणि टर्निपचा गड्डा यातला फरक कळत नव्हता." म्हातारीला मजा वाटत होती. मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मग केरीची एक शाळा गॅलरीत शिरली. झालं! केरीच्या सेनेटरने मुलांचं स्वागत केलं, त्यांनी जिंकलेल्या कपाबद्दल अभिनंदन केलं. त्यांच्या बाई मूळच्या रॉसकॉमनच्या निघाल्या, म्हणून रॉसकॉमनचा सेनेटर उठला. त्याने बाईंचं स्वागत केलं, मुलांचं केलं, आईचं पुन्हा केलं. मी समोरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

फिन्टननेही बघितलं होतं. तो उठून सभापतींना म्हणाला, "सर्वांनी थोडक्यात आवरलं तर उपकार होतील, मतदान आजच व्हायला हवं." सभापतींनी मान डोलावली, सगळ्यांनी डोलावली. पुढचा बोलायला उठलेला माणूस चांगला उंचापुरा, सत्तरीचा, कॉर्ककडचा. तो म्हणाला, "मी थोडक्यातच सांगतो. माझी जुळी बहीण अशा जागी आहे. मी हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही."

आता त्याला कोण गप्प बसवणार? मी तरी बसवलं असतं का? त्याला शब्द सापडत नव्हते. तो थांबायचा, पाणी प्यायचा, पुन्हा सुरू करायचा. सभापतींनी घंटीवरचा हात काढून घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याच वेळी मनात मी त्याला आटप रे, आटप, म्हणत होते. असं मन कुणाचं असू नये, पण माझं होतं.

त्याच्यानंतर मंत्री उठले. सरकारचा विरोध नाही, हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी आधी कॉर्कच्या सेनेटरचं सांत्वन केलं, मग आईच्या धैर्याला वंदन केलं, मग स्वतःच्या आजीकडे वळले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, वर प्रत्येकाचं खरं रडू. खोटे असते तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

फिन्टन उत्तराला उठला तेव्हा सभापती म्हणाले, "मला फार वाईट वाटतं, सेनेटर, पण वेळ संपली. चर्चा तहकूब झाली." मतदान नाही. सभागृह पुन्हा कधी भरायचं, असा नेहमीचा प्रश्न झाला. जानेवारीच्या अखेरीस, असं नेहमीच्या सुरात उत्तर आलं. तोवर यंत्रं येऊन परत गेलेली असणार.

आणि मग, निघण्याआधी, त्या सगळ्यांनी उभं राहून, वर तोंड करून आईसाठी टाळ्या वाजवल्या.

आमच्या गावच्या हॉलमध्ये काहीही ठरवायचं असलं, छप्पर दुरुस्त करायचं असो की नवा खजिनदार नेमायचा असो, मतं कुणी मोजत नाही. लोक उभे राहतात, टाळ्या वाजवतात, झालं मंजूर. आईने जन्मभर दुसरी पद्धत पाहिलेली नाही. तिने माझा हात धरला. "झालं गं," ती म्हणाली, "झालं एकदाचं."

फिन्टन जिन्यापाशी धावत आला. चेहरा पार उतरलेला. आईने त्याचे दोन्ही हात धरले. "देव तुझं भलं करो, पोरा. तुझी आजी आज असायला हवी होती."

"मिसेस गिलराइन, मला तुम्हाला..." तो म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला.

"सांग की," मी म्हटलं. "मी कशाला? तुझं सभागृह आहे हे."

आईने पिशवीतून एक सँडविच काढून त्याच्या हातात कोंबलं. "खा आधी. सबंध दिवस उभा होतास." त्याने ते घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याची कीव आली नाही. आज येते, थोडी.

गाडीत आई खिडकीशी बसली आणि बोलतच राहिली. दगडावर नाव कोरून घ्यायचं, पण मोठं नाही, उना बस. सभोवती कुंपण हवं, मेंढ्या शिरतात. नाताळच्या सकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर आपण वर जाऊ, तू ते वेडे बूट घालू नकोस, घसरशील. बाबांनी खड्डा किती खोल घेतला असेल, असं तिने मला विचारलं. एवढ्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मुलिंगार स्टेशन गेलं. मी ठरवलं होतं, घरी पोचल्यावर सांगू, चुलीजवळ बसवून, चहा देऊन. पण ती इतकी आनंदात होती की एक एक स्टेशन मागे पडलं तसं ते न सांगणं मला चोरी केल्यासारखं वाटायला लागलं.

"आई," मी म्हटलं, "ते मंजूर झालं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. चर्चा अर्धवट राहिली. मतदान झालं नाही. पुढच्या वेळी त्यांची सभा भरेपर्यंत शेत उकरलेलं असेल.

"आडवं कोण आलं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"बोलण्यातच वेळ गेला."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. समोर बसलेला माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला, बिचाऱ्याला बहुतेक कळलं असावं.

"मग ते सगळे उठून टाळ्या कशाला वाजवत होते?"

"तुझ्यासाठी, आई."

"माझ्यासाठी?" तिला ते खरंच कळेना. "मी काय केलं गं? मी तर उनाला नेलं तेव्हा तिला दारापर्यंतसुद्धा सोडायला गेले नाही."