उंबऱ्याबाहेरचा एल्डर

"आत ये रे, ओट्यापर्यंत आणून ठेव," मी म्हटलं.

फिफिताने पाण्याचा कॅन खांद्यावरून उतरवला, दारात टेकवला आणि वाकून दोन्ही हातांनी उंबऱ्यावरून आत ढकलला. स्वतः मात्र बाहेरच उभा राहिला.

"सॉरी काकू. मला येता येत नाही."

"मग मी नेऊ का हा? माझी कंबर मोडली तर तुझा देव येणार आहे उचलायला?"

तो कसनुसा हसला. मागे जिन्याच्या कठड्याला टेकून त्याचा जोडीदार बोंतू उभा होता, तो तर हसलाही नाही. शेवटी मी कॅन आडवा केला आणि लोटत लोटत स्वयंपाकघरात नेला. स्टँडवर चढवणं काही माझ्याच्याने होणार नव्हतं. पातेल्यात ओतून घेताना अर्धं पाणी फरशीवर गेलं, आणि मग मात्र मला रडू आलं.

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ही दोन पोरं राहायची. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची. दोन वर्षं घरदार सोडून परक्या गावी धर्माचं काम करायचं, असा त्यांचा रिवाज. बोंतू राजमुंद्रीचा, किडकिडीत, नियमाला पक्का. फिफिता पार टोंगाचा, म्हणजे पॅसिफिक समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा. दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा, एवढा आडवातिडवा. दोघांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर काळी पट्टी, तिच्यावर एल्डर आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. एकोणीस वर्षांचा वडीलधारा! आमचे हे त्यावरून त्याला फार चिडवायचे.

ह्यांचा, म्हणजे अजितचा, देवावर विश्वास नव्हता. सगळी नोकरी सरकारी कारखान्यात यंत्रं जुळवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर वाद घालायला कुणी मिळेना. ही पोरं आली आणि ह्यांचं फावलं. संध्याकाळी त्यांना खाली बोलवायचे, वेताच्या खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "हं एल्डर, आज किती जणांना स्वर्गात पाठवलंस?"

"एकालाही नाही काका. आज एका आजींचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं."

खरंच तसंच असायचं. रस्त्यात कुणाला अडवून देवाबद्दल बोलायचं नाही, आपणहून विचारलं तरच सांगायचं, असं त्यांना बजावलेलं होतं. विचारणार कोण? मग दिवसभर ओळखीपाळखीच्यांकडे पायपीट, कुणाला इंग्रजी शिकव, कुणाचं सामान हलव. सोमवारी धुणी आणि घरी फोन. कॉफी प्यायची नाही. बंगळुरात राहून कॉफी नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी हळद घालून दूध द्यायची आणि पोहे. आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. काका आणि काकू हे दोन शब्द तेवढे ह्यांनी शिकवलेले.

आणि फिफिता गायचा. पहाटे आंघोळ करताना असा काही आवाज लावायचा की आमचा पंखासुद्धा थरथरतोय असं वाटावं. हे म्हणायचे, "देव नसला तरी ह्या पोराच्या गाण्यापुरता असायला हरकत नाही."

मग ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी मल्लेश्वरमच्या देवळात नवस बोलून आले, पुण्याहून मुलीने, सिद्धीने, कुठलासा अंगारा पाठवला, आणि दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी मीच ह्या पोरांना म्हटलं, तुमच्यात काही असेल तर करा बाबांनो. त्यांच्यात असतं. फिफिताच्या किल्ल्यांच्या जुडग्याला करंगळीएवढी पितळी कुपी होती, तिच्यात मंतरलेलं ऑलिव्हचं तेल.

"लाव लाव," हे म्हणाले. "तसंही टक्कलच आहे, वाया जाणार नाही."

बोंतूने एक थेंब टाळूला लावला. मग फिफिताने आपले ते भलेमोठे पंजे ह्यांच्या डोक्यावर ठेवले आणि डोळे मिटले. बराच वेळ काही बोलला नाही. बोलला तेव्हा आवाज कापत होता. म्हणाला, "देवाच्या नावाने सांगतो, तुम्ही बरे व्हाल आणि याच दारातून चालत घरी परत याल." मी डोळे मिटले नव्हते, म्हणून मला दिसलं. बोंतूने मध्येच डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं.

हे घरी आले ते ॲम्ब्युलन्समधून, चादरीखाली.

त्या दिवशी दोघं गेटबाहेर उभे होते. ह्यांना आत आणायला माणसं हवी होती, घरात पुरुष भरले होते, तेव्हा फिफिता आत आला. ह्यांना खाली ठेवलं आणि भिंतीशी उभा राहिला, माझ्याकडे न बघता. तेरावं झालं, पाहुणे गेले, सिद्धी पुण्याला परतली, आणि मी पोह्यांची बशी भरून हाक मारली तेव्हा मला तो नियम कळला. घरात एकटी बाई असेल तर एल्डरांनी आत पाऊल टाकायचं नाही. कुणीतरी पुरुष माणूस हजर हवा. माझ्या घरातला पुरुष माणूस भिंतीवर हार घालून बसला होता, तो काही त्यांना चालेना.

मला संताप आला. अडुसष्ट वर्षांच्या बाईपासून ह्या पोराला कसला धोका? नवरा गेला तर गेला, वर माझं घरही वाळीत टाकलं ह्या पोरांनी. मी तसं बोललेसुद्धा. बोंतू म्हणाला, "सगळ्यांना सारखाच नियम आहे, काकू." फिफिता खाली मान घालून ऐकत राहिला. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं येऊन बाहेर जिन्यावर बसू लागले. मी उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसायची आणि बशी बाहेर सरकवायची.

पहाटेचं गाणं बंद झालं होतं. नळ वाजायचा, बादली भरायची, आणि बाकी काही नाही.

एक दिवस मी मेथी निवडत होते. बोंतू वरच्या पायरीवर वाचत बसला होता. फिफिता म्हणाला, "काकू, ते शब्द माझे होते."

"कुठले रे?"

"काकांच्या डोक्यावर हात ठेवले तेव्हाचे. डोळे मिटून थांबायचं असतं. शब्द वरून येतात. आले तर बोलायचे. त्या दिवशी मी थांबलो, थांबलो, काहीच आलं नाही. मग मला जे हवं होतं ते मी बोललो."

"अरे, असं सगळेच बोलतात. डॉक्टरही म्हणाला होता बरे होतील म्हणून."

"डॉक्टर त्याच्या स्वतःच्या नावाने बोलला."

मी मेथीची पानं खुडत राहिले.

"तुम्हाला खरं वाटलं होतं का?" त्याने विचारलं.

एवढा मोठा देह, आणि डोळे अगदी लहान मुलाचे. त्याच्याशी खोटं बोलवेना. "हो," मी म्हटलं. "डॉक्टरचं नव्हतं वाटलं. तुझं वाटलं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आता रोज गुडघे टेकतो. पूर्वी कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आता समोर नुसती भिंत असते. आणि दिवसभर मी लोकांना सांगत फिरतो की तो ऐकतो."

"स्वल्प दम धर," मी म्हटलं. "येईल परत."

"सरी काकू," तो म्हणाला. सरी म्हणजे बरं, दुकानात शिकलेला तेवढाच कानडी शब्द. त्याला काही ते पटलं नव्हतं.

पुढचं मला बोंतूने सांगितलं, गेटपाशी उभं राहून. फिफिताने त्यांच्या वरिष्ठांना सगळं सांगून टाकलं. ते चांगले गृहस्थ होते. रागावले नाहीत, दुसऱ्या गावी पाठवतो म्हणाले, थोडी विश्रांती घे म्हणाले. हा म्हणाला, घरीच जातो. घरी म्हणजे कुठे? त्याला निरोप द्यायला अख्खं गाव हार घेऊन विमानतळावर आलेलं. त्याचा बाप, आजा, दोघंही अशीच दोन वर्षं पुरी करून आलेले. अर्ध्यातून परतलेला त्या घरात कुणी नव्हता.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"फोनवर नुसती रडली. वडील फोनवर आलेच नाहीत," बोंतू म्हणाला, आणि त्या नियमाच्या पक्क्या पोराने बाहीने नाक पुसलं.

जायच्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. फिफिता पाण्याचा नवा कॅन खांद्यावर घेऊन उभा होता. बोंतू त्याची बॅग धरून मागे. मी सवयीने दारातून बाजूला झाले, कॅन आत ढकलायला जागा करून दिली.

त्याने कॅन उतरवला नाही. तसाच उंबरा ओलांडून आत आला.

तेव्हा माझं लक्ष त्याच्या खिशाकडे गेलं. पट्टी नव्हती. शर्टावर तेवढ्याच जागी कापड जास्त पांढरं दिसत होतं.

"घरी पोचेपर्यंत ती लावायची असते," बोंतू बाहेरून हळूच म्हणाला. मला म्हणाला की त्याला, कुणास ठाऊक.

"जे नाही ते कशाला मिरवू?" फिफिता म्हणाला.

किती आठवडे मी ह्या पोराला आत ये, आत ये म्हणत होते. आता आला, तर वाटलं, हाताला धरून पुन्हा बाहेर नेऊन उभं करावं. बाहेर उभा होता तोवर त्याच्याजवळ काहीतरी होतं.

त्याने कॅन स्वयंपाकघरात नेला आणि उलटा करून अलगद स्टँडवर बसवला. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. मग वरच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर ठेवला. त्याला ती कुपी नव्हती. मी पोह्यांची एक बशी बाहेर बोंतूला दिली, एक आत मांडली. वेताच्या खुर्चीकडे बघून त्याने विचारलं, "बसू?"

"बस."

तो ह्यांच्या खुर्चीत बसला. बशीला हात लावला नाही. म्हणाला, "काकू, माझं तिकडे काय होईल?"

मी उठून त्याच्या मागे गेले आणि दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. केस राठ होते, डोकं गरम होतं. सगळं नीट होईल, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बाप जवळ घेईल, असंही म्हणता आलं असतं. पण त्यातलं एकही मला माहीत नव्हतं, आणि मला नुसतं हवं होतं म्हणून ते ह्या पोराला कसं सांगू?

बाहेर बोंतूने बशी खाली ठेवली, मान खाली घातली आणि डोळे मिटले. त्याला वाटलं असेल, मी काही म्हणतेय. मीही डोळे मिटले आणि थांबले. काहीच आलं नाही. मी काही बोलले नाही. गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत तशीच हात ठेवून उभी राहिले.