सातव्या मुलाचे बटाटे

गावच्या चर्चच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर दोन बादल्या. हाताने आजार बरे करतो म्हणणाऱ्या मॅलकी टूहीने पहिली उपडी केली आणि पुढच्या रांगेने नाकाला रुमाल लावले. तपकिरी, पिचपिचीत, सडके बटाटे! दुसरीतले मात्र धडधाकट, गोरेपान.

"दोन्ही आपल्या नूआला हेराटीच्या एकाच पोत्यातले!" मॅलकी गरजला. "रात्रभर माझ्या शेडमध्ये प्रार्थनेला ठेवले. मग करपा लागलेल्या शेतातला चिखल सगळ्यांना सारखाच फासला. फरक एवढाच, की या बादलीवरून माझा हात फिरला. सातव्या मुलाचा सातवा मुलगा मी, जन्मतःच हाताला गुण! बटाट्यातली सड रोखतो, माणसातली नाही रोखणार?"

माझा भाऊ कोलम टाळ्या पिटत होता. त्याच्या आतड्यात कर्करोग, आणि मॅलकीने त्याला बजावलेलं, 'फेब्रुवारीत, संत ब्रिजिडच्या सणाला, पोटावर हात ठेवीन, तोवर इस्पितळाची सुई टोचून घ्यायची नाही.' कोलमने सुई थांबवली होती. मॅलकीचा गळा धरावा असं मला वाटलं. पण मी शाळेत विज्ञान शिकवते. निघताना दोन्ही ढिगांतले, त्यातल्या त्यात बरे, बटाटे पिशवीत टाकले.

आमच्या मेयो परगण्यात लागवडीआधी घरोघरी बेणं अंड्यांच्या पुठ्ठ्यात मांडून खिडकीत मोड यायला ठेवतात. मीही पिशवीतले बटाटे तसेच मांडले, दोन ढिगांच्या दोन वेगळ्या रांगा करून.

सणाच्या दिवशी कोलम शर्ट उघडून सभागृहात खुर्चीवर बसला होता. मॅलकी बाह्या सारत होता. मी पुठ्ठा त्याच्यापुढे आदळला.

"एकाच पोत्यातले ना? मग सडक्या ढिगातल्यांना जांभळे मोड आणि तुमच्या पुण्यवंतांना पांढरे, ते कसे? साल सारखी दिसली तरी ही दोन वाणं आहेत. एकाला करपा चटकन लागतो, दुसरं त्याला दाद देत नाही. दोन्ही बेण्याच्या दुकानात मिळतात."

"आशीर्वादाने मोडाचा रंगही पालटतो, बाई."

"मग हा जांभळा इथेच पालटा. आम्ही थांबतो."

"शंकेखोरांपुढे हात चालत नाही."

"शेडमध्ये बरा चालतो!" मागून नूआला हेराटी कडाडली. "माझ्या घरच्या झाडून सगळ्या बेण्याला जांभळेच मोड आहेत. रात्रीत अर्धं पोतं बदललंस ना रे, मेल्या?"

कोणीतरी हसलं, मग सगळेच ओरडू लागले. कोलमने शर्टाची बटणं लावली, एक चुकली, ती पुन्हा लावली.

"ऊना," तो म्हणाला, "गाडी काढ."

मी त्याला थेट इस्पितळात नेलं. त्याचे वाया गेलेले आठवडे कोणाचा हात परत देणार नाही, आणि पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मॅलकीला मी कधीच माफ करणार नाही.

करपा नको असेल तर करप्याला टिकणारं वाण लावा, दुकानदाराला नाव विचारा. माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे न्या. आणि चमत्कार करणारा तुमची वस्तू रात्रभर घरी नेतो म्हणाला, तर तुम्हीही तिच्याजवळ जागत बसा.