धवलारणीचा फोटो

हासानंदने कॅमेऱ्याचा पट्टा काशीच्या गळ्यात घातला आणि हात सोडून तो मागे सरकला. काशीची मान किंचित झुकली, मग सरळ झाली.

“वजन बघा माताजी. चीज आहे चीज! फुल फ्रेम.”

“भरलेली कलशी गल्यात बांधल्यासारखी वाटतंय,” काशी म्हणाली.

रिद्धी हसली. तिच्यासमोर काचेच्या काउंटरवर दुसरा कॅमेरा पडला होता, काळा, अंगाच्या साबणाच्या वडीएवढा. तो ती मघापासून हातात घेत होती, खाली ठेवत होती, पुन्हा घेत होती. उल्हासनगरच्या त्या अरुंद दुकानात पंखा आवाज करत फिरत होता आणि मागच्या फळीवर जुन्या कॅमेऱ्यांची रांग धूळ पुसून मांडलेली होती. हे दोन्ही कॅमेरे वापरलेलेच होते, पण हासानंदने ते नव्यासारखे राखले होते.

“छोटा पण एक नंबर आहे, मी खोटं नाही बोलणार,” तो म्हणाला. “खिशात टाका, चला. लेकिन बेटा, तू लग्नांचे फोटो काढतेस. खिशातून कॅमेरा काढलास तर लोक विचारतील, फोटोवाली कधी येणार?”

“मोठा घेऊन उभं राहिलं की सगळे ताठ होतात, अंकल. दात दाखवतात. मला तसले फोटो नकोयत.”

“मग असं कर. दोन्ही घेऊन जा. उद्या खरवईला हळदीचं काम आहे ना तुझं? दिवसभर चालव. संध्याकाळी जो नको तो परत आण. तुझ्या आत्याची जबान पुरे मला.”

“माझी जबान घेऊ नको बाबा,” काशीने पट्टा डोक्यावरून काढत म्हटलं. “माझ्या जबानीवर लोकांची लग्ना लागतात.”

हासानंद खो खो हसला. त्याच्या धाकट्या भावाच्या मित्राच्या लग्नात त्याने काशीला गाताना ऐकलं होतं आणि तो आवाज माइकशिवाय मंडपाबाहेर कसा येत होता, हे तो अजून सांगत असे.

दोन्ही विकत घेणं रिद्धीला शक्य नव्हतं. यंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही. आजवर तिने अंबरनाथ-बदलापूरच्या फोटोग्राफरांच्या बॅगा वाहिल्या होत्या, त्यांच्याच कॅमेऱ्यांवर त्यांचे उरलेसुरले फोटो काढले होते. खरवईच्या हरिचंद्रच्या पोराचं, भूपेशचं लग्न हे तिचं स्वतःचं पहिलं काम होतं. जसा कॅमेरा ती घेईल तशी फोटोवाली ती होणार होती, असं तिला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

स्कूटरवर मागे बसून काशीने दोन्ही कॅमेऱ्यांची पिशवी मांडीवर धरली होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. पण कॅमेऱ्यांशी तिची ओळख रिद्धीच्या जन्माच्या कितीतरी आधीची होती.

काशी धवलारीण. आगरी लग्नात भटजी येण्याआधी लग्न लावते ती धवलारीण. जात्यावर घाणा भरण्यापासून हळद उतरेपर्यंत कुठल्या देवाला आधी बोलवायचं, पाटावर कुणी बसायचं, हात कुणी लावायचा, हे सगळं ती गाण्यातूनच सांगते आणि ती सांगेल तसं घर हलतं. खरवई, जांभूळ, नदीपलीकडची गावं, सगळीकडे काशीने लग्नं लावली होती. ज्यांची लावली त्यांच्या पोरांचीही लावली होती.

सुरुवातीला उल्हासनगरच्या कॅम्पातून एक फोटोवाला सायकलवर यायचा. कॅरियरला पेटी बांधलेली असायची. दिवा फुटल्यासारखा लख्ख उजेड पडायचा आणि लहान पोरं रडायची. तो काशीला म्हणाला होता, “बाई, जरा बाजूला.” ती तेव्हा नवी होती, सासूच्या मागे बसून गाणारी. दचकून बाजूला झाली, पण गाणं तुटू दिलं नाही. मग रंगीत फोटोवाले आले. मग डोळे दिपवणारे दिवे घेऊन व्हिडिओवाले आले, मग ड्रोनवाली पोरं आली. कॅमेरे बदलले, कपडे बदलले, मंडपाचे बांबू जाऊन लोखंडी पाइप आले. वाक्य तेच राहिलं. बाई जरा बाजूला, मावशी जरा बाजूला, आजी जरा बाजूला. पुढे पुढे म्हणायचीही गरज उरली नाही. समोर कॅमेरा उचलला गेला की काशीचा खांदा आपोआप डावीकडे झुकायचा. सूर तसाच चालू राहायचा.

याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. मग एका पावसाळ्यात मांजर्लीला उल्हास नदीचं पाणी शिरलं. तिथे दिलेल्या भाचीने, संजीवनीने, भिजलेले सगळे आल्बम काशीच्या खरवईच्या घरी आणले. ओटीवर, पडवीत, खाटेवर फोटो सुटे करून वाळत घातले होते. काशी त्यांच्यामधून वाट काढत फिरली. ही सगळी तिनेच लावलेली लग्नं होती. प्रत्येकात ती होती. कुठे हळदीचा हात, कुठे तांदूळ टाकणारी बोटं, कुठे पाठ, कुठे चोळीची बाही आणि लुगड्याचा काठ. एका फोटोत कान होता. तोंड एकाही फोटोत नव्हतं.

“आत्या, ही तूच ना?” संजीवनीने एका कोपरावर बोट ठेवून विचारलं होतं.

“मीच. दुसरी कोन?”

त्या दिवसापासून काशीला एक गोष्ट हवी होती. मंडपात बसून गातानाचा, तोंड उघडलेला, आख्खा असा आपला एक फोटो. हार घालायला नव्हे. तसला फोटो आधारकार्डावरून मोठा करून मिळतोच. हा तिला जिवंतपणी हवा होता. पण तो कुणाकडे मागायचा नव्हता, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिचंद्रच्या अंगणात घाणा भरायला बायका जमल्या. रिद्धीने मोठा कॅमेरा ओटीवर ठेवला आणि छोटा मुठीत घेऊन ती बायकांत मिसळली. नवरदेवाची आई सुनेत्रा हळदीचं सूप घेऊन जाता जाता थबकली.

“गो रिद्धे, यो काय? एवढुसा? पावने काय बोलतील, सुनेत्राने पोराच्या लग्नाला खेलनं आनलं?”

“काकी, फोटो बघून बोल.”

“बघतंय. खराब आला तर दुसरं लग्न तुझ्या खर्चानं लावीन भूपेशचं.”

“बघा, आई दुसरं लग्न लावायला तयार आहे!” भूपेश आतून ओरडला आणि बायका फिसकन हसल्या.

काशीने पदर खोचला आणि पहिला सूर लावला. जात्याची घरघर सुरू झाली. गाणं गावदेवीला बोलवत होतं, वेशीवरच्या देवाला बोलवत होतं, नदीला बोलवत होतं. जात्याचा खुंटा धरलेल्या बायका डोलू लागल्या. काशीने डोळे मिटले होते. रिद्धी कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि शोधावंसंही वाटलं नाही.

घाणा आटोपल्यावर चहा आला. रिद्धी काशीजवळ उकिडवी बसली आणि तिने छोट्या कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. काशीने कनवटीचा चष्मा काढून लावला.

पडद्यावर ती होती. डोळे मिटलेले, ओठ गोल उघडे, कपाळावरच्या गोंदणावर मांडवाच्या पानांतून आलेला कवडसा. गळ्याची शीर ताणलेली. मागे बायकांची डोकी धूसर होत गेलेली.

“आई गं!” मागून वाकलेली एक बाई म्हणाली. “काशीआये, तू तर देवीच दिसतंस.”

“कवा काढलास?” काशीने विचारलं.

“कळलंच नाही ना तुला?” रिद्धीचा चेहरा फुलला. “तेच तर! मी अगदी शेजारी होते. याची हीच मजा. आत्या, ठरलं माझं. मोठा परत करते.”

काशी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने चष्मा काढून पुसला.

“चांगला हाय.”

हा ‘चांगला’ रिद्धीच्या ओळखीचा होता. दुसऱ्याच्या घरी मीठ विसरलेलं कालवण खाताना आत्या असंच म्हणायची.

“काय झालं? नाही आवडला?”

“आवडला ना. पन त्यात मी नाय.”

“म्हणजे? तूच तर आहेस! पहिल्यांदा आख्खी आहेस!”

“मना ठावंच नव्हतं, मी कुठशी असनार?” काशीने कपातला चहा बशीत ओतला. “शेजारनीनं चुलीवरचा कालवन गुपचूप चाखायचा, आनि मागनं येऊन सांगायचा, काय चव होती गो तुझ्या हाताला. तसा झाला.”

रिद्धीला राग आला. तिने कॅमेऱ्याची दोरी मनगटाभोवती गुंडाळली.

“मग करू काय मी? मोठा कॅमेरा दिसला की तू पळतेस. मागच्या लग्नात तुझे एवढे फोटो काढले, सगळ्यांत नुसता खांदा. तुझे फोटो चोरूनच काढावे लागतात, आत्या. दुसरा रस्ता ठेवलायस का तू?”

“मी पलतंय?”

“नाहीतर काय!”

काशीने बशी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली.

“मना सरकवलाय, पोरी. पलाले नाय.”

आतून सुनेत्रा तांब्या मागत होती, कुणी तरी स्पीकरवाल्याला शिव्या देत होतं. त्या बॅगा वाहण्याच्या दिवसांत रिद्धी स्वतःही मोठ्या फोटोग्राफरच्या मागून पुढे व्हायची आणि हलक्या आवाजात सांगायची: आजी, जरा बाजूला. तेच तिचं काम होतं. ते तिला आता आठवलं असावं, कारण तिची मान खाली गेली.

“दुपारी हलदीला मोठा आन,” काशी उठत म्हणाली. “समोर उभी रहा. मी बघीन तुज्याकडं.”

“आणि सरकलीस तर?”

“सरकेन कदाचित. अंगाला सवय हाय. तू फोटोवाली ना? तू बघ काय ते.”

दुपारी मांडव भरला. भूपेश पाटावर बसला होता, उघड्या अंगाने, डोक्याला पंचा बांधून. पाहुणे खुर्च्या पुढे ओढत होते. स्पीकरवाल्या पोराला हरिचंद्रने बजावून ठेवलं होतं, की काशीचं गाणं संपल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. रिद्धी मोठा कॅमेरा घेऊन समोर आली तशी सुनेत्राने समाधानाने मान हलवली आणि शेजारच्या विहिणीला कोपराने ढोसलं. पाहुण्यांनी पदर सारखे केले. दोघी-तिघींनी दात दाखवले.

काशी भूपेशच्या डाव्या हाताला बसली होती. तिने सूर धरला. पहिली हळद मामीने लावली, मग काकीने. रिद्धीने कॅमेरा डोळ्याला लावला.

काशीचा खांदा डावीकडे झुकला.

तिला ते कळलं. सूर न सोडता तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. रिद्धी जागची हलली आणि तिच्याच बाजूला आली. काशी आणखी झुकली. खरंच, अंगच तसं झालं होतं, ते ऐकेना. रिद्धी आणखी सरकली. कुणाची तरी खुर्ची तिने पायाने मागे लोटली, एका काकांना “जरा बाजूला” म्हटलं, आणि ते गुमान उठले. तशी काशीची पाठ मांडवाच्या पाइपला टेकली. पलीकडे जायला जागा नव्हती. रिद्धी तिच्या अगदी समोर गुडघ्यावर बसली.

“गो रिद्धे!” सुनेत्रा ओरडली. “नवरा हकडं हाय!”

“दिसतोय, काकी.”

कॅमेरा खाली आला नाही. एवढी मोठी काच कुणाकडे रोखली आहे ते आता सगळा मांडव बघत होता. खुर्च्यांवरची डोकी एकेक करून वळली. हळद लावणारी बाई हात भरलेलाच ठेवून थांबली. काशीने पाइपला टेकलेली पाठ सरळ केली. डोळे उघडे ठेवले, थेट काचेत, आणि पुढच्या देवाचं नाव तिने एक पट्टी वर चढवून घेतलं.

पाटावर भूपेश पिवळी झालेली मान वळवून तिकडे बघत होता. मग कुणी न सांगता तो बसल्या जागीच थोडा बाजूला झाला.